तीन रिबाउंड कमी

तुळसकर सरांनी पॅड दिलं, पेन्सिल दिली,
म्हणाले, तू स्टॅटिस्टिक्सवाली ना? मग लिही.
काय लिहू ते सांगितलं नाही.
तोवर त्यांचं लक्ष शिट्टीच्या तुटक्या दोरीत.

मला बास्केटबॉल येत नाही.
शाळेत लंगडीतसुद्धा मी पहिली बाद.
म्हणून त्या दिवशी सगळंच लिहिलं:
कुणी किती टाकले, किती पडले,
कुणाच्या बुटाची नाडी सुटली, कितव्या मिनिटाला,
कोर्टवर कुत्रा, एकदा,
चेंडू गटारात, दोनदा,
मेलिसा फर्नांडिस फ्री थ्रोआधी क्रूस काढते,
दर वेळी.
सहापैकी दोन आत.

रात्री बेरीज केली.
चुकलेले नेम तेहतीस.
गटारातले दोन वजा.
रिबाउंड, दोन्ही बाजूंचे मिळून, अठ्ठावीस.
तीन कमी.
तीन चेंडू रिंगला लागून वर गेले
आणि वेंगुर्ल्याच्या आभाळातून
माझ्या कागदावर उतरलेच नाहीत.

आई काजूच्या कारखान्यात ग्रेडिंगला.
दोनशे दहा, दोनशे चाळीस, तीनशे वीस, पाकळी, तुकडा.
बोटं निवडत असतात, तोंड शेजारणीशी बोलत.
तिला विचारलं, चुकलीस तर कळतं कसं गं?
"चुकताना कळणा नाय," ती म्हणाली,
"काट्यार घातल्यार कळता."

तिसऱ्या आठवड्यात मी वाऱ्यासाठी रकाना आखला.
आमचं कोर्ट बंदराच्या रस्त्याला, उघडंच.
एक बास्केट समुद्राकडे, एक डोंगराकडे.
चारनंतर, समुद्राकडे तोंड करून,
लांबून टाकलेले एकोणीस. आत तीन.
डोंगराकडे एकवीस. आत आठ.
वही घेऊन धावत सुटले मी,
दुर्बिणीत नवा ग्रह दिसल्यासारखी.

उज्ज्वला गिरप, सात नंबर,
बाटली तोंडातून न काढताच म्हणाली,
"वारो माका म्हायत आसा गो. शाळेत होतंय तेव्हापासून."
मी वही मिटली.
तिनं घोट गिळला.
"पण किती, तां माका म्हायत नाय.
परत सांग बघू. एकोणिसातले किती?"

मॅच कुडाळला होती.
तिथं हॉल. छप्पर. पंखेसुद्धा बंद.
वाऱ्याचा रकाना चाळीस मिनिटं कोरा.

तिसऱ्या क्वार्टरला सरांनी हात पुढे केला,
मी कागद दिला.
त्यांचं बोट चौदा नंबरच्या ओळीवरून गेलं:
केरकर निशिगंधा, शून्य, शून्य, एक, शून्य.
त्यांनी तिला बसवलं.
तेव्हा आम्ही दोनने मागे होतो.
हरलो अकराने.
कुणी मला काही बोललं नाही,
कागद कुणाच्या अक्षरातला हे सगळ्यांना दिसत होतं.

परतताना मी मुद्दाम तिच्या शेजारी बसले.
बाहेर अंधार, बसच्या दिव्यात तेवढे काजूच्या बागांचे गडगे.
मठ मागे पडल्यावर विचारलं,
तू नेमकं काय करतेस गं मैदानात?
तिला राग आला असता तर बरं झालं असतं.
ती विचार करत राहिली, खरंच प्रश्न असल्यासारखी.
"मी उबी रवतंय," म्हणाली. "आडवी.
माझ्यार येवन आपटतत ती,
तवसर उज्ज्वला सुटता."

घरी आई झोपली होती, बोटं चिकाने काळी.
मी पहिल्या दिवसाचा कागद काढला.
त्या तीन वेळा काय झालं होतं,
आता थोडं थोडं आठवतंय:
मी पेन्सिल धरून
नुसती खेळ बघत होते बहुतेक.

मग नवा रकाना आखला.
डोक्यावर लिहायला नाव सुचेना.
नुसतं चौदा लिहिलं,
आणि डोळे मिटून, कुडाळचा हॉल पुन्हा लावून,
एकेक आठवेल तशी काडी मारत गेले.
चार उभ्या.
पाचवी आडवी.